पेशकारसाहेबांची झारी

पेशकारसाहेबांची हिरवळ मी बुडवली. पाऊस नव्हता, गुरं शिरली नव्हती. बादली माझ्याच हातात होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला हसू येईल. तेव्हा मलाही यायचं.

निजामाच्या अमदानीत वसमतच्या कचेरीत हाकिमापुढं कागद ठेवणारे पेशकार म्हणून निवृत्त होऊन ते आमच्या शेजारी राहत. मी शाळामास्तर. त्यांच्या परसात हरळीचा एक तुकडा होता. घराकडे निमुळता, विहिरीकडे रुंद, गोठ्याच्या कोपऱ्याशी एकदम कापलेला. झारी एकच, पण तिची चाळणीसारखी तोंडं त्यांनी पत्रेवाल्या कासमकडून निरनिराळी करून घेतलेली. रुंद भागाला पसरट तोंड, गोठ्याच्या कडेला अर्धी भोकं मेणानं बुजवलेलं, निमुळत्या टोकाला सुईच्या भोकांचं.

"साहेब, लोकं प्यायला पाणी शोधून राहिले, अन् तुमी गवताला चाळण्या काहून करता?" कासम विचारी.

"पाणी ओतायचं नसतंय, वाढायचं असतंय. जेवणाऱ्याच्या ताटात बराबर. शेजारच्याच्या मांडीवर न्हाई."

मी हसलो की म्हणत, "मास्तर, तुमी साऱ्या पोरांना एकाच छडीनं हाणता. तुमाला न्हाई कळायचं."

एका उन्हाळ्यात ते बायकोच्या औषधासाठी नांदेडच्या हकिमाकडे गेले. माईंना लकवा झाला होता, एवढंच मला ठाऊक. आत कधी गेलो नव्हतो. निघताना झारी माझ्या हवाली केली. "टोकाला बारीकच तोंड लावा. हरळी नवी हाय."

दुसऱ्याच दिवशी मला कंटाळा आला. टोकाशी उभा राहून बादल्या ओतल्या. नवी हरळी उखडली आणि मातीचा लोट उताराने उरलेल्या गवतावर पसरला.

परत आल्यावर ते उकिडवे बसून चिखल बघत राहिले. मी म्हणालो, "साहेब, आता सगळं एकाच रंगाचं झालं. तोंडं बदलायची तकलीफ गेली."

ते उठले. औषधाची बाटली घेऊन आत निघाले, मी मागोमाग. माईंची खाट खिडकीशी होती. त्यांना मानही वळवता येत नव्हती. मी उशीपाशी वाकून पाहिलं. गोठा आणि विहीर यांच्यामधून जेवढी जमीन तिथून दिसत होती, तेवढ्यावरच हरळी लावलेली होती.

"हिरवं काहीच दिसंना," माई म्हणाल्या. "डोळेबी चालले माझे. आता औषध कशाला?"

पेशकारसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाहेर धूळ उडून राहिली. बसली की दिसंल."

"उगी समजावू नका." माईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

मी गुपचूप घरी आलो. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून साहेबांच्या विनवण्या ऐकू येत होत्या. "एक घोट घ्या. माझ्यासाठी घ्या." संध्याकाळी त्याही थांबल्या. ते माझं नाव सांगणार नाहीत, हे मला कळून चुकलं.

उठलो, थेट खाटेपाशी गेलो. बाटलीचं बूच तसंच होतं.

"माई," मी म्हणालो, "तुमचे डोळे शाबूत आहेत. गवत मी घालवलं, निव्वळ आळसानं. मला माफ करा."