तानपुऱ्यामागची घंटा

रघुवीरच्या घरी प्लेअर आला तेव्हा तो टेम्पोतून उतरवायला तिघं लागले, आणि तिघांतल्या एकालाही ते काय आहे हे कळलं नाही. टेम्पोवाल्याला तो इन्व्हर्टर वाटला. शेजारचे गेनूभाऊ कुंपणावरून म्हणाले, घरगुती गिरणी का? डिस्क लावून गाणी ऐकायचं यंत्र आहे, असं रघुवीरनं सांगितल्यावर ते मोबाईल बिघडला का तुमचा, असं सहानुभूतीनं विचारून घरात गेले.

रघुवीर भोरला पाटबंधारे खात्यात नोकरीला होता. बायको पद्मजा भाटघरच्या शाळेत शिकवायची. गावाबाहेर भाटघरच्या रस्त्याला त्यांचं घर, घरामागं मोकळा माळ. या माणसाला व्यसन म्हणावं असं काही नव्हतं. सुपारीसुद्धा दिली तर खिशात ठेवायचा. पण गाण्याचा शौक लहानपणापासूनचा, आणि पुण्यातले एक गृहस्थ मुलाकडे परदेशी निघाल्यामुळे आपला जपानी प्लेअर चांगल्या माणसाच्या हाती द्यायचा म्हणतायत हे कळल्यावर त्याला स्वतःइतका चांगला माणूस दुसरा सुचेना. त्या वर्षी हॉलला रंग द्यायचा ठरला होता. रंग राहिला. पोपडे आलेल्या त्याच भिंतीपुढं प्लेअर विराजमान झाला. (पद्मजा तेव्हापासून पाहुणे आले की त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवायची.)

प्लेअरबरोबर एक गोष्ट आपोआप आली, ती म्हणजे ‘अस्सल नाद’ या व्हॉट्सॲप ग्रुपचं सभासदत्व. असे भारी प्लेअर बाळगणाऱ्यांचा हा ग्रुप. तिथं सुप्रभात, वाढदिवस वगैरे चालत नसे. तिथं फक्त ‘अनुभव’ लिहायचे. प्लेअर स्वयंपाकाच्या ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवला की आवाज मोकळा होतो, हा एकाचा अनुभव. डिस्क रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी लावली की सूर घट्ट लागतो, हा दुसऱ्याचा. तिसरे म्हणत, फ्रीजच बंद करा, त्याची मोटर तानपुऱ्यात मिसळते. रघुवीरनं सगळं केलं. ग्रॅनाइट आणला. डिस्क फ्रीजमध्ये ठेवली. तिला शेपूचा वास लागला. मग फ्रीज बंद ठेवला, आणि दूध नासल्यावर पद्मजानं त्या दिवशी सासूच्या फोटोकडे बघत नुसता एक उसासा टाकला.

या ग्रुपचे सर्वेसर्वा होते मानसिंगराव. पुण्यातून निवृत्त झालेले, भरदार मिशांचे. लोकांच्या नावामागं जशी डिग्री असते तसे मानसिंगरावांचे कान होते. गायिकेच्या बांगड्या ऐकू आल्या का, तबलजीनं श्वास कुठं घेतला, असं ते विचारत, आणि धडाधड उत्तरं येत : आल्या, घेतला, दोनदा घेतला.

रघुवीरला मात्र काहीच जास्तीचं ऐकू येत नव्हतं. गाणं छान वाजायचं, पण ते त्याच्या जुन्या टेपवरही छानच वाजायचं. हे कोणाला सांगणार? ऑफिसात फाइल पुढं ठेवून तो विचार करत बसायचा, की यंत्र उत्तम आहे, स्पीकरची तार उत्तम आहे, ग्रॅनाइटही झाला. आता राहिला बिघडलेला भाग म्हणजे आपणच.

अशात एका रविवारी पद्मजा सारोळ्याला बहिणीकडे गेली होती. रघुवीरनं तोडीची डिस्क लावली. सकाळ, घरात कोणी नाही, फ्रीज बंद. विलंबित रंगात आला होता, आणि तेवढ्यात त्याला ती ऐकू आली. डाव्या तानपुऱ्याच्या मागं, लांबवर, अगदी बारीक : घंटा. मग थोडा वेळ नाही. मग पुन्हा. रघुवीरच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ही तोडी टेपवर ऐकली, ही घंटा कधी कानी पडली नव्हती. आपले कान शाबूत आहेत, या एका विचारानं त्याला भरून आलं.

तेव्हा डोळे पुसून गप्प बसला असता तर पुढचं टळलं असतं. पण आपणही एक अनुभव लिहावा असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं लिहिलं की तोडीच्या या डिस्कमध्ये डावीकडे, थोडी मागे, देवळातली घंटा ऐकू येते. गाणं जिथं ध्वनिमुद्रित झालं तिथं जवळपास देऊळ असावं. साध्या प्लेअरवर हे सापडणार नाही, जाणकारांनी पडताळून पाहावं.

दुपारपर्यंत ग्रुप पेटला. पहिल्या जाणकाराला घंटा ऐकू आली. दुसऱ्याला आली, आणि ती पितळी आहे हेही कळलं. शार्दूल म्हणून एक तरुण सॉफ्टवेअरवाला होता, त्याला दोन घंटा ऐकू आल्या, एक मोठी आणि एक लहान. शेवटी मानसिंगरावांनी लिहिलं : “मला ती पहिल्यापासून ऐकू येत होती. कोणी बोलतंय का ते बघत होतो.” आणि लगेच खाली, असे कान असलेला माणूस भोरमध्ये आहे तर त्याची बैठक पाहिलीच पाहिजे, येत्या रविवारी मी आणि शार्दूल येतो.

रघुवीर दोन दिवस जमिनीपासून वीतभर वर चालला. मग बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर त्यानं सहज म्हणून ती डिस्क लावली. घंटा नाही. डिस्क पुसून लावली. नाही. ग्रॅनाइट सरकवला, फ्रीज बंद केला, घरातले पंखे बंद केले. बांगड्यासुद्धा नकोत म्हणून पद्मजाला अंगणात बसवलं. तोडी स्वच्छ वाजत होती आणि तानपुऱ्याच्या मागं नुसता तानपुराच होता. गुरुवारीही तेच. शुक्रवारी त्याला जेवण गेलं नाही.

शनिवारी सुट्टी. सकाळी त्यानं देवाचं नाव घेऊन डिस्क लावली, आणि घंटा आली. डावीकडे, थोडी मागे, स्पष्ट. त्यानं पद्मजाला हाक मारली. ती पिठाच्या हातानं आली, मान तिरकी करून उभी राहिली आणि म्हणाली, “हो की. वाजतेय.”

पद्मजालाही ऐकू आली म्हटल्यावर रघुवीर उठून उभाच राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकाच गोष्टीनं दोघं हरखलेत असा प्रसंग दुर्मीळ. तो तिला काहीतरी हळवं बोलणार होता, इतक्यात लाईट गेली. तोडी थांबली. तानपुरे थांबले. घंटा चालू राहिली.

पद्मजानं पिठाच्याच हातानं डावीकडच्या खिडकीचा पडदा बाजूला केला. माळावर भामाबाईंच्या शेळ्या चरत होत्या. म्होरक्या बोकड रघुवीरच्या कुंपणाची मेंदी ओरपत होता, आणि दर घासाला त्याच्या गळ्यातली घंटी हलत होती.

पद्मजा हसू लागली ती खुर्ची शोधावी लागेपर्यंत हसत होती. मग तिनं सरळ मार्ग सांगितला, की फोन करून खरं काय ते सांगून टाका, शेळी होती म्हणावं. रघुवीरला ते पटेना.

“माझी एकट्याची अब्रू असती तर सांगितलं असतं,” तो म्हणाला. “पण पुण्यात चौघांना ऐकू आलीय. शार्दूलला तर दोन. त्यांनी काय करायचं?”

“त्यांनीही शेळ्या पाळायच्या,” असं म्हणून पद्मजा पोळ्या करायला गेली.

रघुवीर मागच्या दारानं माळावर गेला. भामाबाई वरच्या वस्तीवरच्या, वयानं सत्तरीच्या, काठी खांद्यावर आडवी टाकून उभ्या होत्या. त्याला येताना पाहून त्यांनी आधी बोकडाला हाकललं. कारण मेंदीवरून रघुवीर त्यांच्याशी पूर्वी भांडला होता, आणि ते दोघांच्याही लक्षात होतं. रघुवीरनं खाली बघत विचारलं, मावशी, उद्या सकाळी शेळ्या इथंच आणाल का, अगदी खिडकीजवळ?

“मागल्या साली तुमीच म्हनला, पुन्यांदा हितं दिसल्या तर कोंडवाड्यात घालीन,” भामाबाई म्हणाल्या. “आन आता बलावताय. कोंडवाडा उद्या उगडा ऱ्हानार हाय व्हय?”

तसं काही नाही, रघुवीरनं समजावलं. पुण्याचे पाहुणे येणार आहेत, त्यांना घंटीचा आवाज ऐकायचाय.

“पुन्यात शेळ्या न्हाईत?”

हे सगळं ‘अस्सल नाद’पासून सांगायला लागलं असतं. त्यानं एवढंच म्हटलं की बोकड एकटा आला तरी चालेल, आणि मागच्या सुबाभळीचा पाला हवा तेवढा तोडून न्या. भामाबाईंचा चेहरा उजळला. पाहुणे येणार म्हटल्यावर आम्ही काही कमी पडू देणार नाही, असं त्यांनी वचन दिलं. रघुवीरनं त्या वाक्याकडे नीट लक्ष द्यायला हवं होतं.

रविवारी पाहुणे वेळेच्या आधीच आले. वाटेत शिवऱ्याला हायवेवर मिसळ खाल्ली म्हणून मानसिंगराव जरा नाराज होते. तिखटानं कान जड होतात, असं त्यांचं मत होतं. हॉलच्या मधोमध उभं राहून त्यांनी एकदाच टाळी वाजवली, भिंतींकडे पाहिलं आणि म्हणाले, “हं.” पोपड्यांमुळे आवाज फुटत नाही, भिंतीला रंग दिलेला नाही हे फार चांगलं केलंत, असंही ते म्हणाले. स्वयंपाकघरात पातेल्याचं झाकण पडल्याचा आवाज आला.

फ्रीज बंद झाला. डावी खिडकी रघुवीरनं हवेसाठी म्हणून बोटभर उघडी ठेवली. डिस्क लागली. तानपुरे सुरू झाले, गायिकेनं षड्ज लावला. रघुवीरनं पडद्याच्या फटीतून पाहिलं तर माळ मोकळा. शेळीचा पत्ता नाही.

इतक्यात मानसिंगरावांनी डोळे मिटूनच बोट वर केलं. “आली.”

“आली,” शार्दूल म्हणाला. “दोन्ही आल्या.”

रघुवीरनं पुन्हा बाहेर पाहिलं. बाहेर एक कावळा होता. पुढची काही मिनिटं दोघं जाणकार घंटेवर माना डोलावत राहिले आणि त्यांना घंटा ऐकवायची म्हणून ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा शेळ्यांना आमंत्रण दिलं तो यजमान त्यांच्याकडे बघत राहिला. हे असं असेल तर आपण कालपासून उगाच जीव काढला, असं त्याच्या मनात आलं. भामाबाई आता न आल्या तर बरं, असंही आलं.

भामाबाई आल्या. शब्दाला जागल्या. एकटा बोकड आणणं त्यांना पाहुण्यांचा अपमान वाटला असावा, कारण त्यांनी स्वतःचा सगळा कळप आणला होता, वर धाकट्या जावेचाही आणला होता, आणि घरात होत्या नव्हत्या तेवढ्या घंट्या, घुंगरं नि साखळ्या एकेका गळ्यात बांधल्या होत्या. आवाज माळाच्या टोकाकडून वाढत वाढत खिडकीशी आला. शार्दूलनं डोळे उघडून प्लेअरकडे पाहिलं. मानसिंगराव मात्र तल्लीन होते. “केवढा पसारा आहे या आवाजाचा,” ते पुटपुटले.

मग ऐन समेवर एक शेळी ओरडली.

मानसिंगरावांच्या कपाळाला किंचित आठी पडली. डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी विचारलं, “हार्मोनियमला कोण आहे?”

उत्तर द्यायची वेळ रघुवीरवर आली नाही. बोटभर उघड्या खिडकीत बोकडानं शिंगं घातली, खिडकी सताड उघडली, पडदा मानसिंगरावांच्या मांडीवर आला, आणि पडद्यामागून बोकडाचं तोंड. त्याच्या मागून भामाबाईंनी हात कपाळाशी धरून आत पाहिलं.

“सायेब, येवड्या बास का, का आजून आनू?”

तोडी चालू होती. ती बंद करायचं कोणाला सुचलं नाही. शेवटी पद्मजानं येऊन बटण दाबलं, भामाबाईंना अंगणात चहा दिला, पाहुण्यांना पानं वाढली आणि काय घडलं ते आंबेमोहर भातावर वरण घालता घालता सगळं सांगून टाकलं. पाहुणे खाली मान घालून जेवले. चांगले जेवले; शार्दूलनं वांग्याची भाजी दोनदा घेतली. जाताना मानसिंगरावांनी रघुवीरच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते गाडीत बसले. रघुवीरला वाटलं, आता ग्रुपमधून नाव जाणार. आणि गंमत म्हणजे त्याला हलकं वाटलं.

संध्याकाळी मानसिंगरावांचा सविस्तर अनुभव आला. भोरचा प्लेअर उत्तम आहे, बैठक उत्तम, भिंती आदर्श. मात्र तिथले आपले मित्र अजून नवखे असून बाहेर चरणाऱ्या शेळीच्या घंटीलाच ते डिस्कमधली घंटा समजत होते. मूळ घंटा ती नव्हे. मूळ घंटा अतिशय सूक्ष्म असून ती मला आणि शार्दूलला शेळ्या येण्यापूर्वीच स्पष्ट ऐकू आली होती. शार्दूलनं खाली दुजोरा दिला. मग सगळ्यांनीच दिला. रघुवीरनं खचून जाऊ नये, कान तयार व्हायला वेळ लागतो, असा धीर त्याला सतरा ठिकाणांहून मिळाला.

त्यानंतर रघुवीर बरेच दिवस खिडक्या लावून, बोकड कुठं आहे याची खात्री करून, ती तोडी ऐकत राहिला. पुण्यात सगळ्यांना ती घंटा ऐकू येत होती. जिथं ती पहिल्यांदा सापडली त्या भोरच्या घरात तेवढी येत नव्हती. अखेर मानसिंगरावांनी आपुलकीनं पाठवलेला कानाच्या डॉक्टरांचा नंबर त्यानं एकदा लावलाच. दार ओढून घेतलं, रिसेप्शनवरच्या मुलीला दोनदा विचारावं लागेल इतक्या खालच्या आवाजात बोलला, आणि शुक्रवारची वेळ ठरवत होता.

“शुक्रवारी नको,” मागच्या अंगणात कपडे वाळत घालणारी पद्मजा तिथूनच म्हणाली, “शुक्रवारी मला शाळेत मीटिंग आहे. शनिवारची घ्या.”