शेजारच्या खोलीतली सिक्युरिटी

काही झालं तरी बायकोला विचारायचं नाही, एवढंच गृहस्थांनी ठरवलं होतं. पुढचं महाभारत त्यातूनच घडलं.

दोघंही एकाच कंपनीत, दोघंही घरूनच काम करणारे. हे बाहेरच्या खोलीत सॉफ्टवेअर बनवायचे, ती आतल्या खोलीत बसून कंपनीची सिक्युरिटी सांभाळायची. आदल्याच दिवशी जेवताना हे तिला म्हणाले होते, "तुमचं काय काम? येईल त्याला नाही म्हणायचं!" आता कुठल्या तोंडानं विचारणार?

चार वाजता ग्राहकाला सॉफ्टवेअर दाखवायचं होतं. दाखवता आलं तर त्या कामाचं प्रमुखपद यांना, नाहीतर दुसऱ्या कुणाला. आणि ऐन दुपारी सॉफ्टवेअर तयार करणारा बिल्ड अडला. लिनक्स या संगणकप्रणालीवर कंटेनर नावाचा एक बंदिस्त डबा असतो, त्यात सॉफ्टवेअर तयार होतं. डब्याला यांच्या फोल्डरमधल्या फाइली हव्या होत्या आणि स्क्रीनवर दर वेळी एकच उत्तर येत होतं: परवानगी नाही.

गृहस्थ उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा तेच करून पाहिलं. परवानगी नाही. मग त्यांनी फोल्डरची दारं साऱ्या जगाला सताड उघडी केली. (या, वाचा, लिहा, आपलंच घर समजा!) तरी परवानगी नाही. चहा केला, तो ओट्यावरच विसरले.

शेवटी शोधता शोधता कळलं, की दाराच्या आत आणखी एक पहारेकरी बसलाय, सिक्युरिटी पॉलिसी नावाचा. दार उघडं आहे म्हणून तो कुणाला सोडत नाही. फोल्डरवर लेबल कुठलं आहे ते बघतो. लेबल कसं बदलायचं हे शिकायला वेळ कुणाला होता? गृहस्थांनी पहारेकरीच घरी पाठवला.

बिल्ड धावू लागला! गृहस्थ खुर्चीतल्या खुर्चीत नाचले. तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. 'हे मशीन लॉक केलं आहे. सिक्युरिटी विभागाला फोन करा.'

त्यांनी केला. भिंतीपलीकडे रिंग वाजली.

"सिक्युरिटी विभाग, बोला."

"मॅडम, माझं मशीन लॉक झालंय."

"पहारा कुणी बंद केला?"

"मांजर... कीबोर्डवरून गेलं."

"आपल्याकडे मांजर नाही."

"शेजारचं!"

"खिडकीला जाळी आहे. खरं सांगा."

गृहस्थांनी खरं सांगितलं. (आवाज इतका बारीक, की मॅडमनी दोनदा वदवून घेतलं.)

"अरे, फोल्डर कंटेनरला जोडतोस ना, त्या ओळीत शेवटी कोलन देऊन मोठा झेड लिही. लेबल आपोआप बदलतं. मशीन उघडलंय. आधी पहारा चालू कर."

एका अक्षरात बिल्ड झाला. चारच्या ऑनलाइन मीटिंगला ग्राहक होता, कंपनीचे साहेब होते आणि सिक्युरिटीतर्फे तीही होती. सॉफ्टवेअर सुरळीत चाललं, गृहस्थांची छाती फुगली.

ग्राहकानं विचारलं, "तुमच्याच माणसानं पहारा बंद केला तर?"

"आज दुपारीच एका महाभागानं केला," साहेब खुशीत म्हणाले. "मशीन तिथल्या तिथं लॉक!"

गृहस्थांनी हळूच आपला कॅमेरा बंद केला.

"वा! हा बंदोबस्त ज्यांनी केलाय, त्यांच्याच हाती आमचं काम द्या."

"दिलं! मॅडम, उद्यापासून तुम्ही प्रमुख. सॉफ्टवेअरवाले सगळे तुमच्या हाताखाली."

"थँक्यू, सर."

गृहस्थांना ते हेडफोनमधूनही ऐकू आलं आणि भिंतीतूनही.