स्वादुपिंडाजवळचा फुगा

मुलांनो, एका जंगलात एक दवाखाना होता. तिथलं स्कॅनचं मशीन मुंगूस चालवायचा. डॉक्टरकीचं शिक्षण त्याने तिसऱ्या वर्षाला सोडलं होतं. "म्हाताऱ्यांना अक्कल नाही," हे कारण तो कुणी न विचारताही सांगायचा.

एकदा रंगोबा साळिंदराचं स्वादुपिंड सुजलं. भोवती पू झाला. ताप हटेना.

मोठे डॉक्टर होते गवासाहेब. ते म्हणाले, "साधा स्कॅन काढ. डाय नको."

डाय म्हणजे रक्तवाहिन्या उजळवणारं औषध. बारा वर्षांपूर्वी ती टोचल्यावर एका सशाला पुरळ उठलं होतं. तेव्हापासून साहेब तिला भ्यायचे, आणि त्या भीतीला अनुभव म्हणायचे.

पू शेजारची रक्तवाहिनी कुरतडतो आणि साध्या स्कॅनमध्ये ते दिसत नाही, हे मुंगसाला ठाऊक होतं. त्याने गुपचूप डाय टोचली. धमन्या उजळल्या रे उजळल्या की फोटो काढला. प्लीहेच्या धमनीला वाटाण्याएवढा फुगा! आज ना उद्या फुटणार. आतून तार घालून तो बंद करता आला असता. पण हुकूम साहेबांचा लागायचा.

सकाळच्या राउंडला आधी साहेब बोलत, मग बाकीचे माना डोलवत. त्या दिवशी मुंगूस आधी बोलला.

"साहेब, फुगा आहे."

"डाय कुणी द्यायला सांगितली?"

भेकर डॉक्टरीणबाई त्याच्या कानाशी लागल्या. "अरे बाबा, म्हण ना, 'साहेब, तुम्हीच मागे सांगितलं होतंत.' आत्ता हुकूम देतील. तुझं काय जातंय?"

एवढंच एक खोटं वाक्य. मुंगसाला ते बोलवेना.

"सांगायला कशाला हवं? तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि डोक्यात शेण!"

काय वाक्य होतं! मुंगसाला स्वतःलाच आवडलं. त्याने ॲप्रन फेकला आणि तो निघाला. सोडून जाण्यात त्याचा हात धरणारं जंगलात कुणी नव्हतं.

साहेबांनी फोटो न बघताच टेबलाखाली सरकवला.

दुपारी फुगा फुटला. रंगोबा गेला.

मुंगूस टपरीवर आपलं वाक्य तिसऱ्यांदा ऐकवत होता, तेव्हा साळिंदरीण आली.

"भाऊ, तुमचंच बरोबर होतं म्हणे?"

"शंभर टक्के, वहिनी."

"मग तुम्ही होतात कुठे?"

मुंगसाने कप तोंडाला लावला. चहा केव्हाच संपला होता.

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांपुढे कधीही वाकू नका. तुमचा कणा ताठ राहतो. मरणारा दुसराच कुणीतरी असतो.