पायाखालचं आभाळ

सकाळी दूध आणायला खाली उतरताना सावळीराम गांगुर्डे पहिल्या मजल्यावर थबकले. समोरच्या दारात संतोष खैरनार चिखलाचे बूट त्यांच्या आभाळाला पुसत होता.

आभाळ त्यांचंच होतं. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी केली, पण रविवार त्यांनी कधी कुणाला दिला नाही. रंगांची पेटी घेऊन डोंगराकडे जायचं आणि ढग रंगवायचे. त्यातलं हे सगळ्यांत लाडकं. आषाढातलं काळंनिळं, मधोमध उजेडाची एकच चीर असलेलं. त्या चिरेवर आता बुटाचा ठसा होता.

"संतोष, हे काय?"

"तुमच्याकडूनच काल पार्सल आलं ना, काका! थँक्यू हां. पाणी काय मस्त शोषतं!"

सावळीराम दूध न घेताच घरी परतले. हकिगत ऐकून त्यांच्या मुलीला, पायलला घाम फुटला. बाबांच्या निवृत्तीनिमित्त इमारतीतल्या आठही घरी त्यांच्या चित्राची एकेक प्रत परस्पर पोचवायची, असा तिचा गुपचूप बेत होता. छापणाऱ्याला तिनं फोनवर बजावलं होतं, चकचकीत नको, मॅट फिनिश हवं.

"त्यानं 'मॅट' तेवढंच ऐकलं वाटतं. पायपुसणीच छापली," ती पुटपुटली.

"तरीच!" आतून पायलची आई, चांगुणाबाई म्हणाल्या. "आपलं मी बाथरूमपुढे टाकलंय. चांगलं जाड आहे."

"माझ्या आभाळावर कुणी पाय ठेवायचा नाही," सावळीराम म्हणाले. "आठच्या आठ परत आणतो."

आणि ते निघाले. स्वतःच्या चित्रावर पाय द्यायचा नाही म्हणून प्रत्येक दारात त्यांनी उडी मारली. दुसऱ्या मजल्यावर उडी चुकली आणि मोहिनीताईंचं चपलांचं कपाट आडवं झालं. शेजारच्या घरात रवी शेजवळ आंघोळीला गेला होता. सावळीरामांनी बाथरूमपुढचं पायपुसणं उचललं आणि ते जिन्यात पोचतात तोच आतून धप्पकन आवाज आला.

"अगं, पायपुसणं कुठं गेलं?" रवी फरशीवरूनच ओरडत होता.

दुपारपर्यंत सात आभाळं सावळीरामांच्या गॅलरीत धुऊन वाळत पडली. जिन्यात मात्र चिखलाचा राडा झाला होता आणि रवीच्या कमरेला पट्टा लागला होता. तरी सावळीराम हटले नाहीत. राहिल्या होत्या एकट्या नवसाबाई, तिसऱ्या मजल्यावरच्या.

म्हातारी दारातच पायपुसण्यावर अनवाणी उभी होती.

"आजी, हे चित्र आहे. भिंतीवर लावायचं."

"भिंतीवर लावून काय करू? मला लांबचं दिसत नाय. पायाला लय मऊ लागतं."

"अहो, पण हरसूलला चार रविवार पावसापाण्यात बसून काढलंय मी ते!"

नवसाबाईंनी मान वर केली. "हरसूलचं आभाळ हाय हे?"

"हो. बाजाराच्या मागच्या टेकडीवरचं." आता म्हातारी बाजूला होणार, म्हणून सावळीराम वाकले.

पण नवसाबाईंनी दोन्ही पाय आणखी घट्ट रोवले. "माझं म्हायेर हाय ते. गुडघे गेले, तवापासून गाडीत चढता येत नाय. सात वर्सं झाली तिकडं पाय लागून." त्या खाली बघत राहिल्या. "नाय देत, जा."

सावळीराम वाकलेले होते, ते सावकाश सरळ झाले. नवसाबाई मात्र त्यांना विसरून त्या काळ्यानिळ्यावर पाय हलकेच मागंपुढं करत होत्या.

घरी येऊन सावळीरामांनी वाळलेली सहा पायपुसणी काखोटीला मारली आणि सातवं बाथरूमपुढे नेऊन टाकलं.

"आता कुठं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"ज्याचं त्याला देऊन येतो."

मोहिनीताईंनी मुकाट्यानं घेतलं. रवीनं पडल्यापडल्या हात जोडले. शेवटी पहिल्या मजल्यावर संतोषनं दार उघडलं, तर उंबऱ्यात नवंकोरं हिरवं पायपुसणं.

"राहू द्या काका, मी दुसरं आणलं. तुमचं बरोबर होतं. एवढ्या चांगल्या चित्राला पाय कसा लावायचा?"

सावळीरामांचा चेहरा पडला. "म्हणजे तुला माझं चित्र नको?"

"तसं नाही हो, पण..."

"पण काय? काय वाईट आहे त्यात?" त्यांनी हिरवं पायपुसणं उचलून बाजूला भिरकावलं, स्वतःचं नीट अंथरलं आणि हात मागं बांधून समोर उभे राहिले. "चल. पूस."

संतोषनं बिचकत उजवा पाय टेकवला.

"नीट पूस," सावळीराम म्हणाले. "दोन्ही."