आप्पांची नदी गेली कुठे?

कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं, असं मी घरात बरीच वर्षं सांगत आलोय. आमच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम आहेत. एक माझ्या भाषांतरांसाठी, दुसरी बायकोच्या पुलांच्या डिझाइनसाठी. चालू करताना हवी ती निवडायची. क्लाउडवरच्या फायली मात्र दोन्हीकडे वेगवेगळ्या उतरायच्या आणि डिस्क तुडुंब भरायची.

"दोन्हीकडे मिळून एकच फोल्डर ठेवतो. दहा मिनिटांचं काम," मी म्हणालो.

"त्यात आप्पांचे नकाशे आहेत, जपून," असं बजावून बायको अंघोळीला गेली.

आप्पा म्हणजे माझे सासरे. उभी हयात जमीनमोजणीत गेली. हाताने काढलेले चारशे नकाशे त्यांनी दोन वर्षं खपून स्कॅन केले, आमच्याशी शेअर केले, आणि मग मूळ कागदांना वाळवी लागली.

माझ्या सिस्टिमवर मी एका वेगळ्या ड्राइव्हवरचा फोल्डर नेमून दिला. मग तिची चालू करून तिथेही तोच दाखवला. तो रिकामा दिसला. उतरतील हळूहळू, म्हणून मी चहा टाकायला गेलो.

फोन वाजला.

"जावईबापू, नदी गेली," आपल्या घरी हेच नकाशे उघडून बसलेले आप्पा म्हणाले. "आता डोंगर चाललाय."

फोन स्पीकरवर टाकून मी धावलो. तिच्या सिस्टिमवर तो ड्राइव्ह उघडलेलाच नव्हता. रिकामा फोल्डर बघून क्लाउडला वाटलं, मालकानेच सगळं पुसलंय. म्हणून तोही इमानेइतबारे सगळीकडून पुसत सुटला होता. फायलींचा आकडा सरसर उतरत होता. काहीतरी करायचं सोडून मी आ वासून बघत राहिलो. इतकं काम इतक्या निमूटपणे करणारं कुणी मी आजवर पाहिलं नव्हतं.

बायको ओल्या केसांनी आली. तिने आधी वायफाय बंद केलं. मग स्वतःच्या फोनवर क्लाउडची कचरापेटी उघडली, आतलं सगळं निवडलं आणि एक बटण दाबलं.

"डोंगर आला," आप्पा हळूच म्हणाले. "नदी आली. अरे, पलीकडची पाऊलवाटसुद्धा."

माझ्या अंगावर काटा आला. अख्खा मुलूख पाच मिनिटांत जागच्या जागी.

"आणखी एक आलंय," आप्पा म्हणाले. "'रविवारी सासरी न जाण्याची कारणं, सुधारित'."

ती यादी चुकून आप्पांच्याच फोल्डरमध्ये गेली होती, म्हणून मी गेल्याच आठवड्यात पुसली होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी वायफायच्या डब्याकडे.

"बत्तीस आहेत," आप्पा वाचत म्हणाले. "सतरावं अजून ऐकलं नाही मी. या रविवारी येऊनच सांगा."