खालापूरच्या मौजनगरीत उज्वलाबाईंनी भाताचा मोर्चा राखिला, त्याची हकीकत

आधी अन्नास नमन, मग शिजविणाऱ्या हातांस, मग ते हात धुवावयास लागणाऱ्या पाण्यास. विशेष. भिवपुरीकर वडील नणंद पुतळाबाई यांचा मोबाइलावर बोलका खलिता आला की, आमची भावजय खालापुरी नोकरीस गेली, पहिल्या दिवशी काय जाहले, कोण काय बोलिले, भात किती शिजला, हे सर्व बैजवार कळवावे, पदरची फोडणी घालू नये. त्यावरून जे जाहले ते लिहिले आहे. फोडणी कोठे आढळली तर ती मूळ प्रसंगातच होती ऐसे जाणावे.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, मार्गशीर्ष मास, वार मंदवार, शाळांच्या सहलींचा ऐन हंगाम. कर्जत तालुक्यात कडाव म्हणोन गाव, तेथे उज्वलाबाई नांदत होत्या. वय बेचाळीस, अंगकाठी बेताची, मनगट मात्र बळकट. गावच्या विहारापुढे भीमजयंतीस भोजनदान होई, पाचसहाशे पान उठे, आणि भाताची बादली वीस वर्षे बाईंचेच हाती असे. त्यांच्या पंगतीतून अर्धपोटी उठला असा एक मनुष्य कोणी दाखवावा. परंतु एवढा पराक्रम असोन बाईंस नाव नव्हते. कागदोपत्री होते, पण आळीत त्या कपिलची आई, विहारात जगदीशची मंडळी, आणि खुद्द जगदीशराव बावीस वर्षे 'अगं' एवढ्यावर संसार रेटीत आले होते. मग खबर आली की, खालापूर प्रांती, टोलनाक्यापलीकडे, जेथे पाळणे उलटे फिरतात आणि लोक तिकीट काढून किंचाळतात, त्या मौजनगरीच्या खाणावळीत माणसे घेतात. तेथील शिरस्ता असा की, पहिला दिवस परीक्षेचा. जो टिकला त्यास सायंकाळी छातीवर लावावयास नावाची तांबडी पट्टी मिळे, जो न टिकला त्याने आल्या बसने घरी जावे. बाईंचा डोळा नोकरीवर होताच, पण पट्टीवर अधिक होता. हे त्या कोणास बोलिल्या नाहीत.

प्रातःकाळी साडेसहास स्वारी निघाली. जगदीशरावांनी दुचाकी पुसली, बाई मागे बसल्या, आणि मजल दरमजल करीत कर्जतच्या चारफाट्यास येऊन कामगारांच्या बसची वाट पाहू लागले. जगदीशरावांस काळजी फार. बोलिले, "नाय जमलं तर फोन कर गं, मी येतो न्यायला."

बाई बोलिल्या, "तुमी सांजच्याला भात लावून ठेवा. दोन वाट्या घ्या, पानी बोटभर वर." आणि बसमध्ये चढल्या.

मौजनगरीत पोचताच शस्त्रे मिळाली ती ऐशी: डाव दोन, हातमोजे जोडी एक, टोपी एक. अंबाडा मोठा आणि टोपी लहान, दोघांत तह होईना, मग टोपीने माघार घेतली आणि पिनांच्या आधारे कशीबशी मागे लटकून राहिली. खाणावळीचे सुभेदार विपुलराव, वय सव्वीस, राहणार मौजे चौक, कानात सदैव यंत्र. त्यांचे फर्मान सुटले की, मावशींनी भातवरणाच्या मोर्च्यावर उभे राहावे, दर ताटास एक डाव भात, एक डाव वरण, हसून 'एन्जॉय' म्हणावे आणि पुढील ताट घ्यावे.

पहिले ताट घेऊन डोंबिवलीकडील एक बाई आल्या, पाण्याच्या घसरगुंडीवरून थेट, केस निथळत, कुडकुडत. उज्वलाबाईंनी एक डाव घातला, मग त्यांचे काडीसारखे मनगट पाहिले आणि दुसरा घातला. पाहुण्या बोलिल्या, बस झालं. आता कडावच्या पंगतीत 'बस झालं' म्हणणाऱ्यास निदान दोन वेळा पुन्हा विचारावे हा दस्तूर, तो मोडील तो यजमान कसला. बाईंनी विचारिले, लाजू नका म्हणाल्या, तिसरा डाव घातला, पोरेबाळे किती, सासर कुठले, हेही विचारून घेतले. पुढच्या ताटासही तेच, आणि त्याच्या पुढच्याही. 'एन्जॉय' म्हणावयास सवडच जाहली नाही. मग रांग जी तुंबली ती उपाहारगृहाबाहेर पडून पाळण्यापर्यंत गेली, आणि साडेअकरास भाताचा टोप खडखडीत जाहला. आचारी वाल्मिकदादा कपाळास हात लावून बोलिले की, आज राक्षसगण आले की काय, आणि संतापाच्या भरात त्यांनी एका टोपाच्या जागी तीन टोप चुलीवर चढविले.

विपुलराव धावत आले. "मावशी, हितं आग्रह नाय करायचा. एक डाव म्हंजे एक डाव. परत असं झालं तर मला पट्टी नाय देता येनार."

बाईंनी डाव टोपाच्या काठास टेकविला. शेजारी चपात्यांच्या मोर्च्यावर प्राची नामे मुलगी होती, तिला हळूच बोलिल्या, "भुकेल्या मानसाला एका डावात वाटंला लावायचं, ह्यो कसला दस्तूर गं?" प्राची बोलिली, मावशी, सवय होते. मग बाईंनी मन घट्ट करून एकच डाव घालावयास आरंभ केला, आणि प्रत्येक ताट पुढे जाताना त्यांस आपण काही चोरले ऐसे वाटू लागले.

इतक्यात, दुपारी एकाचे सुमारास, शत्रू आला. पाच बसगाड्या भरून शाळेची दोनशे चाळीस पोरे, तीन तास पाण्यात डुंबलेली, ओलीचिंब, बोटांस सुरकुत्या, पोटात आग. आणि गुरुजींचे म्हणणे की, दोनास बस सुटणार. त्याच समयी टोकनाचे यंत्र बंद पडिले. यंत्रावाचून ताट नाही, ताटावाचून रांग नाही, रांगेवाचून काहीच नाही, ऐसा तेथील कारभार. मग पोरे काउंटरावर चढली, कोणी लोणच्याची बरणी हस्तगत केली, दोन गुरुजी गर्दीत दिसेनासे जाहले, आणि विपुलराव कानातील यंत्रात "हॅलो, हॅलो" म्हणत राहिले, पलीकडे कोणीच नव्हते.

उज्वलाबाईंनी हे पाहिले. वाल्मिकदादांस विचारिले, भात किती आहे. दादा बोलिले, "तीन टोप. तुमच्याच मेहेरबानीनं." मग बाईंनी पदर खोचला, स्टीलची कोरी बादली उचलली, आणि काउंटराचा अडसर वर करून मैदानात उतरल्या.

"गुरुजी, पोरं खाली बसवा व्हरांड्यात. आमनेसामने. मधी चालायला वाट ठेवा. टोकन ऱ्हाऊ द्या, ताटं हातोहात पुढं सरकवा."

विपुलराव घाबरे जाहले. "मावशी, काय करताय? रांग लावायचीय."

"साहेब, मानसांनी कशाला चालायचं? वाढप्यानं चालायचं. ही वरणाची बादली तुमी धरा."

काय सांगावे, बादली हाती येताच विपुलरावांचे खांदे आपोआप वाकले. चौकच्या गावजेवणात त्यांनीही पाच वर्षे वरण वाढिले होते, ते अंगास आठवले. मग आघाडीस प्राची चपात्या घेऊन, मागे भाजी घेऊन वाल्मिकदादा, मग उज्वलाबाई भात, शेवटी विपुलराव वरण, ऐसी फौज चालली, आणि दोनशे चाळीस पोरे जी माकडे होती ती मांडी घालून माणसे जाहली. डाव ताटावर पडे तो पाऊल पुढच्या ताटास पोचलेले असे. वीस मिनिटांत पहिला फेरा पुरा जाहला.

तेथे शेवटास एक बारके पोर, चष्म्यावर पाण्याचे थेंब, रिकामे ताट पुढे धरून बसलेले. मागत नव्हते, नुसते पाहत होते. बाईंचा डाव उचलला, आणि फर्मान आठवून हवेतच थांबला. तांबडी पट्टी डोळ्यांपुढे आली. बाईंस पुढे जाववेना, वाढवेना. तोच मागून आवाज आला, "घे रं, लाजतो काय? मावशी, ह्याला अजून एक डाव घाला की."

बाई वळल्या. बोलणारे विपुलराव. बोलून गेल्यावर त्यांसही उमगले, कानापर्यंत लाल जाहले, आणि बादलीत पाहू लागले. मग जो दुसरा फेरा निघाला, आणि तिसरा, आणि त्यात जो आग्रह जाहला, तो सर्व लिहू गेल्यास कागद पुरणार नाही. दोनास दहा कमी असता शेवटले पोर ढेकर देत बसमध्ये चढले.

सायंकाळी विपुलरावांनी पट्टी छापावयाचे यंत्र पुढे ओढिले. "मावशी, काय नाव टाकू?"

बाईंच्या ओठी 'कपिलची' एवढे आले आणि थांबले. मग बोलिल्या, "उज्वला."

"पुढं?"

"पुढं काय नाय. तेवढंच मोठं काढा."

दिवेलागणीस चारफाट्यावर जगदीशराव उभेच होते. दुचाकीच्या दिव्यापुढे बाई छाती काढून उभ्या राहिल्या. जगदीशरावांनी एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचले, वाचून जाहल्यावर लाजले, आणि आणखी एकदा वाचले. बाईंनी विचारिले, भात लावला का. ते बोलिले, लावला, खाली जरा लागला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. तृप्त जाहले ते पोरे दोनशे चाळीस, गुरुजी सहा. हस्तगत जाहली ती तांबडी पट्टी एक, त्यावर नाव एक. जखमी घरचा टोप एक, बुडाशी करपून. उपाशी कोणी नाही. पुतळाबाईंस शेवटली गोष्ट कळावी ती ही की, घरी येऊन पाने घेतली तेव्हा वाढावयास जगदीशराव बसले. बाई बोलिल्या, बस झालं. जगदीशरावांनी दस्तुराप्रमाणे आणखी दोन वेळा विचारिले, दोन्ही वेळा नाव घेऊन.