चार फोटोंतली हिरवी रेघ

आमच्या अमडापुरात कोणी विहिरीवरचं इंजिन सुरू करायला हँडल धरलं, की प्रल्हादभाऊ हात वर करत. "थांब बे. आधी मले बसू दे." मग दहा पावलं मागं सरकून उकिडवे बसत आणि धुराड्यावर नजर लावत. इंजिनवाला हँडल धरून ताटकळत उभा.

"रिंगा झिजल्या याच्या," पहिला धूर पाहून भाऊ निदान सांगत. आणि झिजलेल्याच निघत, हे जास्त चीड आणणारं.

भाऊ माझे शेजारी. बारा-तेरा वर्षं ते दक्षिणेत होते, रॉकेटची इंजिनं तपासतात तिथं, कॅमेऱ्यावर. इंजिन जमिनीला जखडून पेटवायचं आणि भाऊंनी जाळाची फिल्म घ्यायची. तो कॅमेरा एका सेकंदात हजारो फोटो काढी. फिल्म दोन सेकंदांत खलास, आणि ती पाहायला भाऊंना दोन दिवस.

"एकदा सायेब लोक टाळ्या वाजवून राह्यले होते, इंजिन पास म्हणून. मी फिल्म पाह्यली, तं चार फोटोंत हिरवी रेघ. काऊन? आतलं तांबं जळून राह्यलं होतं. मी म्हणलो, उद्या पेटवू नका."

इंजिन उघडलं, तर आत बोट जाईल एवढं भोक. पापणी लवायच्या आत आलेली-गेलेली रेघ या माणसानं धरली होती. ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा, अजून येतो.

घरात मात्र भाऊंचं काही चालेना. बायको बाळंतपणात गेली, तान्ह्या कुसुमला रोहिणखेडच्या मामानं वाढवलं. नोकरी सोडून भाऊंनी तिला घरी आणली, तर ती त्यांच्याशी बोलेचना. "त्यायले सांगा, पाणी तापलं," हे ती कुंपणावरून मला सांगणार आणि मी तीन हातांवर बसलेल्या भाऊंना. फुकटचा पोस्टमन झालो होतो मी.

"एकदा बाबा म्हणाव तिनं," भाऊ म्हणत. "दुसरं काही नाही पाह्यजे मले."

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. कुसुमनं तव्यावरची भाकर त्यांच्या ताटात टाकली आणि सहज म्हणाली, "बाबा, सांभाळून. गरम हाये." आणि आत गेली.

भाऊंचा हात ताटावर तसाच राहिला. मग हळूच म्हणाले, "काय म्हणली बे ते?"

मी सांगितलं.

"पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं. त्यांचे डोळे भरले होते, भाकर निवत चालली होती.

"बरोबर ऐकलं नं तू?"

"हाव, भाऊ."

"मंग अजून एक डाव सांग."

मी तिसऱ्यांदा सांगितलं.